अनुभव धागा : गेममधल्या रिकाम्या जागा

भूत नाही, रक्त नाही, मागं लागणारं कुणी नाही. तरी गेममधल्या एखाद्या जागेत पुढं पाऊल टाकवत नाही, असं कुणाकुणाचं झालंय? नुसतं ‘लई भारी गेम’ लिहून पळू नका, जागा सांगा. सुरुवात मीच करतो.

‘पूल्स’, २०२४ चा, फिनलंडच्या एका छोट्या स्टुडिओचा. पांढऱ्या फरशांचे पोहण्याचे तलाव, एकातून दुसऱ्यात, मधे बोगदे. संगीत नाही, शत्रू नाही. हेडफोन लावा. कोरड्या फरशीवर पावलांचा आवाज वेगळा, पाण्यात उतरलं की वेगळा. थांबलो तरी तो घुमतच राहतो, आणि त्यात आपलं नसलेलं एखादं पाऊल आहे का, हे ऐकत मी उभा. उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं आमच्याकडं, आणि मी एवढं पाणी बघून घाबरायचं!

परभणीहून :
‘एक्झिट ८’ खेळायलोय सध्या. २०२३ चा. जपानी मेट्रोचा भुयारी रस्ता, एका बाजूला पोस्टर, दुसऱ्या बाजूला दारं. काही वेगळं दिसलं तर मागं फिरायचं, सगळं जागच्या जागी असेल तर पुढं. पाटीवर आठ आला की सुटका, चुकलात की पुन्हा शून्य. समोरून तोच बॅगवाला माणूस दरवेळी येतो आणि मी त्याचं तोंड बघायलोय, हसला तर नाही ना? परवा रात्री पूर्णा जंक्शनला गाडी बदलायची होती. दादऱ्यावर मी जाहिराती तपासायलो. बायको म्हणली, काय हरवलंय का?

लातूर :
‘पी.टी.’, २०१४. एकच वळणाचा पॅसेज, दार उघडलं की परत तोच. २०१५ मध्ये स्टोअरवरून काढला, त्यामुळं यूट्यूबवरच पाहिला. पुरे झाला.

नांदेडवरून :
बॅकरूम्सचं, म्हणजे न संपणाऱ्या रिकाम्या खोल्यांच्या त्या नेटवरच्या दंतकथेचं, कुणीच कसं लिहिलं नाही? २०१९ मध्ये नेटवर फिरलेला तो पिवळ्या भिंतींचा फोटो. लोकांनी २०२४ मध्ये छडा लावला : अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश गावी, २००२ साली दुकानाचं काम चालू असतानाचा. त्यावरून किती गेम निघाले! आमच्या कापडदुकानाचं फर्निचर काढलं तेव्हा अगदी तस्सं दिसलं. भिंतीवर कपाटांच्या आकाराचे उजळ चौकोन, जमिनीवर काउंटरच्या पायांचे चार खड्डे, वर ट्यूब गुणगुणतेय. लहानपणापासून त्या दुकानात बसतोय, पण त्या दिवशी शटर अर्धंच खाली ओढून बाहेर आलो.

बीड :
मला तर यात काहीच भीती वाटत नाही बुवा. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी बघा, भुयारात वटवाघळं आणि मिट्ट काळोख. ती खरी!

धागाकर्ता :
अंधारीत तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर गेला असाल, पोरं ओरडत. पुढं-मागं कुणी नसताना जाऊन या, मग लिहा. आणि जालन्याचे कुणी आहेत का इथं? जुन्या लॅपटॉपवर चालेल असा एखादा सुचवा.