रॉक कॉन्सर्टला कुठे उभं राहायचं: बॅरिकेडला चिकटून की साउंड कन्सोलपाशी?

खर्जवेडा

पंधरा वर्षं कॉन्सर्टला जातोय. आजवर नियम एकच: दारं उघडायच्या चार तास आधी रांगेत, आत सोडलं की धूम, आणि स्टेजसमोरच्या बॅरिकेडला हात लागला की रात्र सार्थकी. परवा उशीर झाला. पुढे शिरायला फटही नव्हती, म्हणून चरफडत मागे साउंड कन्सोलच्या (जिथून सगळ्या वाद्यांचा आवाज जुळवतात त्या टेबलाच्या) कठड्याला टेकलो. (मध्येच वीज जाऊन दहा मिनिटं सगळा अंधार झाला, तोच शो.) तिसऱ्या गाण्याला लक्षात आलं की या बँडचा बेसवाला (खर्जाची गिटार वाजवणारा) लाइव्ह नक्की काय वाजवतो हे मी आज पहिल्यांदा ऐकतोय. आजवर तो म्हणजे छातीवर आदळणारा एक गोळा, एवढीच ओळख.

कारण साधं आहे. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही अंगांना वर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख लांबच्या गर्दीवर असतो. बॅरिकेडपाशी मधोमध उभं राहिलं की त्यांचा आवाज डोक्यावरून निघून जातो. आपल्या वाट्याला येतात स्टेजवरचे गिटारचे अँप (अँप्लिफायर), ड्रमचा उघडा दणका आणि नाकासमोरचे सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर. गायक ऐकू येतो तो स्टेजच्या काठावरच्या छोट्या स्पीकरमधून, जमेल तेवढा. मिक्सिंग करणारा मात्र मागे उभा राहून स्वतःच्या कानाला पटेल तसं सगळं जुळवत असतो. म्हणजे ज्याने सगळ्यात जास्त हाल सोसले, त्यालाच सगळ्यात वाईट आवाज!

माझं मत: पुढची जागा बघ्यांची आहे. स्वतःला कानसेन म्हणवणाऱ्यांनी तिच्यासाठी जीव टाकू नये. यात मीही आलो.

पहिली_रांग

अंधाराचा तो शो असेल तर मीही तिथेच होते, बॅरिकेडला. आणि तुम्ही काय गमावलंत ते सांगते. लांबलचक सोलो चालू असताना गिटारवाल्याची सगळ्यात बारीक तार तुटली. पुढचा सगळा सोलो त्याने पाच तारांवर रेटला. तुमच्या कन्सोलपाशी कुणाला पत्ता तरी लागला का?

सगळी वाद्यं स्वच्छ, वेगवेगळी ऐकायची असतील तर घरी हेडफोन आहेत की. 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्ससमोर 55 हजारांहून जास्त लोक होते. अँप होते शंभर वॅटचे. किंकाळ्यांत बँडला स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. तिथे जाऊन आलेला कुणी ‘मिक्सिंग बरं नव्हतं’ म्हणून हळहळला असेल असं मला वाटत नाही.

खर्जवेडा

आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1966 मध्ये, त्यांनी दौरे कायमचे बंद केले. आपलंच वाजवणं ऐकू येत नाही, हे त्यामागचं एक कारण होतंच. उदाहरण तुम्ही दिलंत, कामी मला आलं.

केबल_ओढ्या

साउंडवाल्यांच्या हाताखाली काही वर्षं केबल ओढल्या आहेत, म्हणून तोंड घालतो. धागाकर्ते निम्मे बरोबर आहेत. ‘कन्सोलपाशी’ मान्य, पण म्हणून ‘जेवढं मागे तेवढं चांगलं’ समजू नका. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर मीटर मागे उभे असाल तर ड्रमरची काठी पडद्यावर आधी पडते आणि ठोका जवळपास पाव-एक सेकंदाने, किंबहुना थोडा उशिराच पोचतो. म्हणून मोठ्या मैदानात मध्ये जादा स्पीकरचे मनोरे लावतात आणि त्यांचा आवाज तेवढाच उशिरा सोडतात. त्या मनोऱ्यांच्या मागे जी जागा असते ती बऱ्याचदा मस्त असते, आणि रिकामी.

बेसचं तर वेगळंच. डावीकडच्या आणि उजवीकडच्या सबवूफरचे आवाज एकमेकांत मिसळतात, त्यामुळे मधल्या रेषेवर बेस दणदणीत आणि दहा पावलं बाजूला गेलात की गायब. बेस आवडत नसेल तर सरका. मिक्सरवाल्याला शिव्या नंतर घाला.

अर्धा_कान

कुठेही उभे राहा, कानात बोळे घाला. 85 डेसिबलला आठ तास चालतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. या हिशेबाने 100 डेसिबलला मिळतात 15 मिनिटं. शो दोन तासांचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली, तीही 15 मिनिटांच्या सरासरीने मोजून.

माझ्या उजव्या कानात आठ वर्षांपासून शिट्टी वाजते. त्या रात्री मी स्पीकरच्या उजवीकडच्या गठ्ठ्यापाशी होतो. शो फारसा चांगलाही नव्हता.

पहिली_रांग

बोळे मी घालतेच. फोमचे नाहीत, त्यांनी सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं होतं. फिल्टरवाले, जे सगळ्या पट्ट्या सारख्याच कमी करतात.

खर्जवेडा

म्हणजे चार तास रांगेत उभं राहून आवाजाच्या तोंडाशी जायचं आणि मग कान बंद करायचे. वा!

पहिली_रांग

बेस बरगड्यांतून ऐकतात हो. त्याला बोळे लागत नाहीत.

फिरता_पंखा

आवाजावर भांडताय, पण मला धाग्यातलं ते ‘आत सोडलं की धूम’ खटकलं. 1979 मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला ‘द हू’ या बँडच्या शोआधी दारापाशी 11 जण मेले. जागा राखीव नव्हत्या, पुढे पोचायची घाई होती. 2000 साली डेन्मार्कमधल्या रोस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना स्टेजसमोर 9 जण गेले. पुढे कुणी पडलंय हे मागच्याला दिसत नाही, आणि मागून किती जोर येतोय हे पुढच्याच्या हातात नसतं. मी आता बाजूच्या वाटेजवळ उभा राहतो. आवाज भिकार, पण बाहेर पडता येतं.

पहिली_रांग

हे मान्य. फक्त दोष बॅरिकेडशी उभं राहणाऱ्यांच्या माथी मारू नका. दारं किती, कधी उघडायची, गर्दीचे आडवे भाग पाडायचे की नाही, हे आयोजक ठरवतात. बाकी धूम मीही ठोकते, खोटं कशाला बोलू.

खर्जवेडा

पंखा, बरोबर. ती ओळ लिहिताना मला त्यात मर्दुमकी वाटली होती. असो.

पहिली_रांग, ती तार नेमकी कधी तुटली? त्या सोलोच्या शेवटी एक खूप वरचा सूर आहे. परवा त्याने तो खालच्या सप्तकात घेतला. मागे आम्ही दोघं-तिघं एकमेकांकडे बघून ‘काय नवीन मांडणी केलीय!’ म्हणत होतो.

पहिली_रांग

त्याच्या चारेक सेकंद आधी. मांडणी कसली, ड्रमरकडे वळून जीभ चावली त्याने.