मदत हवी आहे: कॉल वेटिंगची बीप आली की नेट कट, काय करू?

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, घरात फोनची लाईन एकच, त्यावरच ५६के मोडेम (फोनच्या लाईनवरून नेट लावणारं यंत्र), विंडोज ९८. लाईनवर कॉल वेटिंग आहे, म्हणजे लाईन चालू असताना दुसरा फोन आला की बीप येते. मी एक कोर्स करतेय, त्याची ४ एमबीची फाईल अपलोड व्हायला वीस मिनिटं तरी लागतात आणि नेमका तेव्हाच, रात्री साडेनऊला, बाबांचा फोन येतो, कारण कराडला सकाळचे सात वाजलेले असतात आणि ते फिरून येताना बूथवरून लावतात. बीप आली की मोडेम कट, लगेच फोन वाजतो, बाबांशी बोलणं होतं पण फाईल परत पहिल्यापासून. काल पट्टी अगदी शेवटाला टेकली होती, रडूच आलं.

मोडेम नेटसाठी जो नंबर लावतो त्याच्या सुरुवातीला *७० आणि स्वल्पविराम टाकून बघितलं. तेवढ्या कॉलपुरतं कॉल वेटिंग बंद होतं, नेट मस्त टिकलं, पण बाबांना सारखा एंगेज. मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं म्हणून मोडेमच्या एक्स्ट्रा सेटिंग्जमध्ये एस१०=५० टाकलं. आता बीपला दोन-तीन सेकंद सगळं गोठतं आणि परत चालू होतं, पण बाबांना नुसती रिंग ऐकू येते आणि इकडे कोणी उचलत नाही! एंगेज असला की घरात कोणीतरी आहे एवढं तरी कळतं. त्यांनी चार वेळा लावला आणि घाबरून पुण्याला भावाला फोन केला. गेल्या महिन्यातच त्यांची अँजिओप्लास्टी झालीय हो, मला त्यांना असं टांगून ठेवायचं नाहीये. दुसरी लाईन सध्या परवडत नाही. फाईलही जाईल आणि फोनही घेता येईल असं काही आहे का?

उत्तर १
ताई, तुमच्या दोन्ही युक्त्या बरोबरच आहेत, पण दोन्हींत बाबांचा फोन राहतोच. बीप देताना एक्स्चेंज तुमची लाईन क्षणभर तोडतं, मोडेमला समोरचा आवाज ऐकू येत नाही. किती वेळ वाट बघून फोन ठेवायचा ते एस१० ठरवतो, सेकंदाच्या दहाव्या भागात. बऱ्याच मोडेममध्ये तो १४ असतो, म्हणजे १.४ सेकंद, तुम्ही ५० टाकून ५ सेकंद केलेत. २५५ मात्र करू नका, लाईन खरंच गेली तरी कित्येक मोडेम धरून बसतात.

तुम्हाला हवा तो व्ही.९२ मोडेम, २००० साली आलेलं स्टँडर्ड आहे. त्यात मोडेम-ऑन-होल्ड असतं: बीप आली की स्क्रीनवर विचारतो, तुम्ही हो म्हटलं की नेट होल्डवर, बाबांशी बोला, मग तेच कनेक्शन पुढे चालू. पण आयएसपीच्या (नेट देणाऱ्या कंपनीच्या) बाजूलाही व्ही.९२ लागतं आणि किती मिनिटं होल्ड ठेवायचं तेही तोच ठरवतो, म्हणून मोडेम घ्यायच्या आधी त्यांना ह्या दोन्ही गोष्टी विचारा. आणि तेव्हा *७० काढायला विसरू नका, नाहीतर बीपच येणार नाही.

उत्तर २
तोपर्यंत फाईल झिप करून एकेक एमबीचे तुकडे करा, पाच-पाच मिनिटांत जातील, कट झालं तरी एकच तुकडा परत पाठवायचा. आणि एस१० आधीसारखा करून टाका, म्हणजे बीपला नेट कट होऊन बाबांचा फोन वाजेल.

धागाकर्ती
खूप आभार दादा, तुकड्यांचं तर आजच करते. उद्या आयएसपीला फोन करून विचारते आणि इथेच लिहिते. बाबांना आत्ताच सांगितलंय, रिंग गेली आणि उचलला नाही तर घाबरू नका, दहा मिनिटांनी परत लावा.