मदत हवी आहे: सोडियम-पाण्याचा प्रयोग, पण काच न फोडता

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एका कॉलेजात बीएस्सीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, लिथियम, सोडियम, पोटॅशियम पाण्यात टाकून दाखवायचंय. गेल्या वर्षी सोडियमचा तुकडा पळत जाऊन काचेच्या भांड्याच्या कडेला चिकटला, तिथेच पेटला आणि भांडं तडकलं. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून प्रिन्सिपॉल सरांचा जीव टांगणीला. (मागच्या बाकावरून सूचना: "मॅडम, रंकाळ्यात टाकूया, नाद खुळा होईल!")

यंदा तांदळाच्या दाण्याएवढाच तुकडा, ज्यात तो ठेवतात ते रॉकेल नीट टिपून, फिनॉल्फथॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारं सूचक) घातलेल्या पाण्यात; मध्ये पॉलिकार्बोनेटची शील्ड. पण एवढासा तुकडा मागच्या रांगेला दिसणार कसा? पेट्री डिशवर मोबाईल लावून प्रोजेक्टरवर दाखवलंय का कुणी? गुलाबी रेघ उठून दिसते का?

मला स्लो मोशनही हवंय. 2015 मध्ये रसायनशास्त्रज्ञ पावेल युंगवर्थ यांच्या गटाने हायस्पीड कॅमेऱ्याने दाखवलं की स्फोट नुसत्या हायड्रोजनमुळे होत नाही. इलेक्ट्रॉन पाण्यात निघून जातात, उरलेले धन आयन एकमेकांना ढकलतात आणि मिलिसेकंदाच्या आत धातूला काटे फुटतात. ते मोबाईलमध्ये सापडणार नाही, ठाऊक आहे. पण पोटॅशियमची जांभळट ज्योत तरी?

आणि मुख्य अडचण: बाटलीतल्या जुन्या पोटॅशियमवर पिवळा थर आलाय. तो सुपरऑक्साइड (हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन बनणारा, कापताना स्फोट होऊ शकेल असा थर) असावा, म्हणून सुरी लावलेली नाही. विल्हेवाट कशी लावायची? अनुभवी सर-मॅडम, लॅब असिस्टंट, प्लीज सांगा.