डेबियन १० वर गेल्यापासून ईटीएच० सापडत नाही

प्रश्न
आमच्या वाचनालयाच्या सर्व्हरवर डेबियन ९ ही लिनक्स प्रणाली होती. काल ती १० वर नेली आणि मशीन पुन्हा सुरू केल्यापासून नेटवर्क बंद आहे. मशीनमध्ये दोन नेटवर्क कार्डे आहेत, एक राउटरकडे जाणारे आणि दुसरे वाचनकक्षातील संगणकांसाठी. नेटवर्क सेवा सुरू करताना 'ईटीएच० हे उपकरण सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो (ईटीएच० हे एका कार्डाचे जुने नाव). कार्डांची यादी देणारी 'आयपी लिंक' ही आज्ञा मात्र ईएनपी२एस० आणि ईएनपी३एस० अशी नावे दाखवते आणि दोन्ही 'डाउन' (बंद) आहेत. ग्रबमध्ये, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, 'नेट.इफनेम्स=०' लिहून जुनी नावे परत आणणे योग्य ठरेल का?

उत्तर १
आपली कार्डे शाबूत आहेत, नावे तेवढी बदलली आहेत. यूडेव्हच्या (उपकरणे ओळखून त्यांना नावे देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) '७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स' या फाइलने जुनी नावे टिकवण्याच्या पद्धतीला डेबियन १० मध्ये अधिकृत आधार उरलेला नाही. नवे नाव कार्ड मशीनमध्ये कुठे जोडले आहे, म्हणजे त्याच्या पीसीआय बसच्या आणि स्लॉटच्या क्रमांकावरून पडते. तूर्त /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलमध्ये नवी नावे लिहून कार्ड सुरू करणारी 'इफअप' ही आज्ञा चालवावी.

उत्तर २
तेवढ्याने आजचे काम भागेल, पण 'नेट.इफनेम्स=०' मी मुळीच सुचवणार नाही. कर्नल (प्रणालीचा गाभा) ईटीएच०, ईटीएच१ ही नावे कार्डे सापडतील त्या क्रमाने देतो. तो क्रम एखाद्या वेळी उलटला, तर बाहेरच्या जोडणीसाठीचे फायरवॉलचे नियम आतल्या कार्डाला लागू होतील. नवी नावेही अढळ नाहीत, कारण आणखी एखादे कार्ड बसवले की बसचा क्रमांक सरकू शकतो. म्हणून /ईटीसी/सिस्टिमडी/नेटवर्क मध्ये प्रत्येक कार्डासाठी एक '.लिंक' फाइल करून, मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून) त्याला लॅन० (आतले), वॅन० (बाहेरचे) असे नाव द्यावे आणि जुनी रूल्स फाइल बाजूला काढावी. ईटीएच० हेच नाव पुन्हा देऊ नये. कर्नलने दिलेल्या नावाशी त्याची टक्कर होते. यानंतर 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' विसरू नका, कारण यूडेव्ह मूळ डिस्क जोडली जाण्यापूर्वीच इनिट्रॅमएफएसमधून, म्हणजे सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइलसंचातून, कामाला लागतो आणि ही आज्ञा तो संच नव्याने बनवते. शेवटी संपूर्ण /ईटीसी मध्ये 'ईटीएच' हा शब्द ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने शोधावा.

प्रश्नकर्ता
कोणते कार्ड कुठले, हे ठरवण्यासाठी दोन्ही 'अप' केली, राउटरची केबल उपसली आणि 'नो-कॅरिअर' (केबलवर संकेत नाही) कोणापुढे उमटते ते पाहिले. ते ईएनपी३एस० निघाले. त्याप्रमाणे नावे दिली. ग्रेपमुळे फायरवॉलचे नियम आणि संगणकांना नेटवर्कचे पत्ते देणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरची फाइल हाती लागली. दोन्हींत जुनीच नावे होती आणि माझ्या ती लक्षातही नव्हती. आता वाचनकक्षातील संगणकांना पत्ते मिळत आहेत. मशीन तीनदा पुन्हा सुरू करून पाहिले, नावे तीच राहिली. दोघांचेही मनापासून आभार.