लेखकांचा संप वाहिन्यांना खरंच जड जातो का?

रातकिडा
अमेरिकेत टीव्हीचे लेखक संपावर गेले की 'आता वाहिन्यांची पंचाईत' असं सगळे म्हणतात. मला पटत नाही. २००७-०८चा १०० दिवसांचा संप घ्या किंवा २०२३चा १४८ दिवसांचा, पहिला दणका प्रेक्षकालाच बसला. रात्री उशिराच्या गप्पांच्या कार्यक्रमांतले विनोद त्याच दिवशी लिहिले जातात, त्यामुळे ते लगोलग बंद पडून जुने भाग सुरू झाले. वाहिन्यांनी मात्र रिअ‍ॅलिटी आणि गेम शो लावून वेळ मारून नेली. २०२३मध्ये सीबीएसने तर आपल्याच कंपनीच्या केबल वाहिनीवर गाजलेली 'यलोस्टोन' पहिल्यापासून दाखवली. वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने त्या ऑगस्टमध्ये सांगून टाकलं की निर्मिती थांबल्यामुळे तिमाहीत १० कोटी डॉलरच्या वर रोकड वाचली. पंचाईत ती हीच का?

शाईचा_डाग
अर्धीच बातमी दिलीत. त्याच कंपनीने पुढच्याच महिन्यात वर्षाच्या कमाईचा अंदाज ३० ते ५० कोटी डॉलरने खाली आणला, कारण संप. आधी वाचलेले पैसे म्हणजे पुढे ढकललेला खर्च, नफा नव्हे. आणि गेम शोने आजची रात्र भागते, पण लिहिलेली मालिका पुढे वर्षानुवर्षं विकता येते. तो माल तयारच झाला नाही, त्याचा हिशोब कुठे धरलात?

रातकिडा
तो अंदाज कलाकारांच्या संपासकट होता. त्यांची संघटना एसएजी-आफ्ट्रा १४ जुलैला संपावर गेली तेव्हा चित्रीकरण जवळजवळ ठप्प झालं. एकट्या लेखकांनी एवढं होत नाही. लिहून झालेल्या संहितांवर काम चालू राहू शकतं.

मधली_ओळ
प्रेक्षकाचं तरी काय अडलं? २००७मध्ये अडलं असेल. २०२३मध्ये नेटफ्लिक्सकडे कोरिया, स्पेनपासून सगळीकडच्या मालिका पडून होत्या. माझ्या ओळखीतल्या कोणाला संपाचा पत्ताही लागला नाही.

रातकिडा
लागतो, उशिरा लागतो. 'स्ट्रेंजर थिंग्ज'चं लेखन मे २०२३मध्ये थांबलं, चित्रीकरण सुरू व्हायला जानेवारी २०२४ उजाडला आणि पाचवा मोसम आला थेट नोव्हेंबर २०२५मध्ये. तेव्हा संप कोणाला आठवत होता!

शाईचा_डाग
त्यातला सगळा उशीर संपाचा नाही, एवढी मोठी मालिका तशीही वेळ घेते. बाकी मान्य.

खुर्चीवरचा
अर्धवट राहिलेले मोसम विसरू नका. २००७च्या संपात 'हीरोज'चा दुसरा मोसम ११ भागांत गुंडाळला. ती मालिका पुन्हा कधी सावरली नाही, असं माझं मत (भांडायला तयार आहे). उलट 'ब्रेकिंग बॅड'चा पहिला मोसम ९ऐवजी ७ भागांचा झाला, त्याने काही बिघडलं नाही.

पडद्यामागे
वाहिन्या आणि प्रेक्षक यांच्यात रंगभूषा, प्रकाशयोजना, सुतारकाम करणारेही येतात हो. संप त्यांनी पुकारलेला नसतो, करारातून त्यांना काही मिळतही नाही, पण रोजगार पहिल्या आठवड्यापासून जातो.

शाईचा_डाग
खरंय. पण म्हणून लेखकांनी गप्प बसायचं? २००७मध्ये डीव्हीडीमागे त्यांना जेमतेम ४ सेंट मिळत होते. ते दुप्पट करायची मागणी त्यांना सोडावी लागली, पण इंटरनेटवरचं काम करारात आलं. २०२३मध्ये त्याच पायावर बोनस मिळाला: नेटफ्लिक्ससारख्या सेवेच्या देशातल्या २० टक्के ग्राहकांनी पहिल्या ९० दिवसांत मालिका पाहिली तर जादा पैसे. शिवाय मालिकेमागे लेखकांची किमान संख्या आणि एआयवर बंधनं. संप परवडत होता, तर कंपन्यांनी हे सगळं का दिलं? डिस्ने, नेटफ्लिक्स, वॉर्नर आणि एनबीसी-युनिव्हर्सलचे बडे साहेब सप्टेंबरात जातीने वाटाघाटीला का बसले?

रातकिडा
कारण शरदाचा हंगाम हातचा गेला होता आणि पुढचाही जायची वेळ आली होती. म्हणजे पाच महिने परवडलं, सहावा परवडला नसता. तेवढ्या पाच महिन्यांत लेखकाचं घरभाडं थकतं, वाहिनीचं नाही. जानेवारी २००८मध्ये स्टुडिओंनी संपाचं कारण पुढे करून डझनावारी लेखकांचे करार मोडून घेतले, ही सवलत दुसऱ्या बाजूला होती का?