विषय: आईच्या मज्जारज्जूतली पोकळी (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आई इंदूरला रामबागेत एकटी असते. परवा व्हिडिओ कॉलवर तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर टपोरे फोड दिसले. "तव्याला बोटं टेकली ते कळलंच नाही रे, करपल्याचा वास आला तेव्हा पाहिलं," म्हणाली. हात लावलेला कळतो, चटका कळत नाही. एमआरआयमध्ये मानेच्या मज्जारज्जूत पाण्याने भरलेली लांब पोकळी निघाली. एक डॉक्टर म्हणतात, नळी घालून पाणी काढू. दुसरे म्हणतात, आधी कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, चित्र स्पष्ट करणारं औषध) देऊन पुन्हा एमआरआय करा. आई पुन्हा त्या बोगद्यात जायला तयार नाही. कुणाच्या घरी असं झालं आहे का?

---

दादा,

मी न्यूरोसर्जरीत भूल देते, माहेर इंदूरचंच. काकूंना काहीही करून बोगद्यात पाठवा. दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे.

चटक्याची जाणीव नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मधूनच पलीकडे जातात. पोकळी तिथे फुगली की आधी तेच दबतात. आता ती फुगली कशाने, हे शोधायला हवं. कवटीच्या तळाशी जन्मजात अडचण असू शकते, जुनी इजा असू शकते, किंवा आत गाठ. साध्या एमआरआयवर गाठ सुजेत लपू शकते, गॅडोलिनियमने, म्हणजे त्या कॉन्ट्रास्टने, बहुधा उजळते. मोठ्या माणसांत रज्जूच्या आत सर्वांत जास्त आढळते ती एपेंडायमोमा, आणि तिच्या वर-खाली पाणी साठणं नेहमीचंच. गाठ तशीच ठेवून पाणी काढलं तर पुन्हा भरतं. गाठ काढली की पोकळी बहुतेक वेळा आपोआप आकसते, नळी लागत नाही.

ऑपरेशनमध्ये मणक्याची मागची कमान उघडून, मायक्रोस्कोपखाली रज्जूला बरोबर मधोमध चीर देतात. एपेंडायमोमा बऱ्याचदा कडेने सुटी होत येते. ॲस्ट्रोसायटोमा ही दुसऱ्या प्रकारची गाठ मात्र रज्जूत मुरलेली असते, तिथे सगळी काढायचा हट्ट महागात पडतो. आम्ही त्या वेळी स्नायू सैल करणारं औषध देत नाही, कारण डोक्याला विजेचा हलका झटका देऊन पायाचा स्नायू उत्तर देतो का, हे सतत बघायचं असतं. उत्तर क्षीण झालं की सर्जन हात थांबवतात, कोमट सलाईन सोडतात आणि सगळे त्या पडद्याकडे बघत राहतात. ही सोय तिथे आहे का आणि अशी ऑपरेशनं सर्जनांनी किती केलीत, हे नक्की विचारा.

नंतर पाऊल कुठे पडतंय ते काही दिवस कळत नाही, फिजिओथेरपी लागते. पण ऑपरेशनआधी जेवढी ताकद शाबूत, त्यावरच पुढचं बरंचसं ठरतं. एमआरआयमध्ये गाठ दिसली तर पाय अडखळेपर्यंत थांबू नका.

तोवर तव्याशी चिमटाच. आंघोळीचं पाणी उजव्या हाताने बघू देऊ नका.

---

ताई,

तुमचा मेल आईला फोनवर वाचून दाखवला. "उजळते म्हणजे दिसेल तरी," म्हणाली आणि तयार झाली. क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाच्या कामाची) तपासणी झाली, गुरुवारी एमआरआय. आंघोळीचं पाणी शेजारच्या काकू आधी हात घालून बघतात.