मदत हवी आहे: भिंतीलगतच्या सागवानी कपाटाला ओल धरतेय

चौकट:
सागवानी कपाट आहे, पाठ ६ मिमी प्लायवूडची. बाहेरच्या भिंतीला चिकटून उभं आहे. पाठीच्या खालच्या वीतभर भागावर पांढरट-हिरवी बुरशी, आत कुबट वास, आणि तळचा ड्रॉवर फुगून अर्ध्यावरच अडकतो. वरच्या फळीवर गरम भांड्याचा पांढरा गोल डाग. खोलीतला हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) ७५ ते ८० टक्के दाखवतो. डांबरगोळ्या ठेवून फरक पडला नाही. ड्रॉवर रंधून घ्यावा आणि पाठीला जवसाचं तेल लावावं असा बेत आहे. चालेल का?

रंधा:
दोन्ही तूर्त थांबवा. डांबरगोळ्या कीटकांसाठी असतात, त्या ओलावा शोषत नाहीत.

लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ड्रॉवरच्या बाजूंची उंची वाढलीय, म्हणून तो वर घासतोय. आत्ता रंधलात तर हवा कोरडी झाल्यावर खुळखुळेल. ड्रॉवर काढा, रिकामा करून सावलीत पंख्याखाली ठेवा. हीटर किंवा ऊन नको. वरचा थर आधी आकसतो आणि चिरा जातात. घासलेल्या जागा चकाकतात, तिथे साधी मेणबत्ती घासा. पूर्ण सुकूनही अडला, तरच तेवढीच चकाकती जागा पॉलिशपेपरने उतरवा.

खरा प्रश्न ओल कुठून येते हा आहे. कपाट सरकवून त्यामागच्या भिंतीवर साधारण ४५ सेंमी चौरस प्लॅस्टिक कागद लावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस थांबा. थेंब कागदाच्या आतल्या बाजूला आले तर भिंतच ओली आहे. गळती किंवा गिलावा दुरुस्त होईपर्यंत कपाट तिथे ठेवूच नका, कुठलंही पॉलिश त्याला वाचवणार नाही. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतली वाफ थंड भिंतीवर जमतेय. मग भिंतीपासून ५ ते ८ सेंमी अंतर, मागून खेळती हवा, आणि खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली. ४० च्या खालीही नेऊ नका, सांधे सुटतात.

पटाशी:
बुरशीबद्दल. ती कोरड्या ब्रशने झटकू नका, बीजाणू घरभर पसरतात. मास्क लावून कपाट शक्यतो बाहेर काढा. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कण अडवणारा) व्हॅक्यूम क्लीनर असेल तर आधी तो फिरवा. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, त्यात भिजवून घट्ट पिळलेलं कापड, आणि लगेच कोरडं कापड. उघड्या प्लायवर नंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुसा. फ्रेंच पॉलिशवर, म्हणजे लाखेच्या पॉलिशवर, मात्र ते लागू देऊ नका, लाख त्यात विरघळते. ब्लीच टाळा: रंग उडाल्याने बुरशी गेल्यासारखी वाटते, पण पाणी लाकडात मुरतं.

प्लायवर बोटाने टिचकी मारून पाहा. पोकळ आवाज आला किंवा कडेला थर सुटलेले दिसले तर पाठ बदला. तिच्यावर पॉलिशचे हात देत बसू नका.

पांढरा डाग सोपा आहे. ओलावा पॉलिशच्या थरात अडकलाय, लाकडात नाही. हेअर ड्रायर सर्वात कमी उष्णतेवर, हात सतत हलता ठेवून. डाग काळा असता तर प्रकरण वेगळं होतं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांचा तो रंग लाकडात उतरलेला असतो.

चौकट:
धन्यवाद. तेल का नको? आणि आत सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) किती ठेवायचं?

रंधा:
तेल आणि मेण वाफ फारशी अडवत नाहीत. कच्चं जवसाचं तेल तर हळू सुकतं आणि बुरशीला खाऊ घालतं. शिवाय तेलाचा बोळा गुंडाळून फेकला तर सुकताना तापून आपोआप पेटू शकतो. असे बोळे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

लाख वाफ उत्तम अडवते, पण साचलेल्या पाण्यापुढे टिकत नाही. म्हणून पाठीला आधी मेण काढलेल्या लाखेचे दोन हात, हलका पॉलिशपेपर, मग पॉलियुरेथेन व्हार्निशचे दोन हात. लाखेत मेण राहिलं तर वरचा थर नीट धरत नाही. पाठीच्या दोन्ही बाजू रंगवा. एकच बाजू बंद केली तर ती वाकते. सुरुवात लाकडाचा ओलावामापक १२ टक्के किंवा कमी दाखवेल तेव्हाच करा, नाहीतर ओल आतच कोंडून राहील.

पाय विसरू नका. लाकडाची कापलेली टोकं बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने पाणी ओढतात. कपाट आडवं करून पायांच्या तळाला आधी पातळ केलेल्या पॉलियुरेथेनचा एक हात, तो मुरला की घट्ट दोन, आणि सुकल्यावर खाली प्लॅस्टिकच्या टोप्या.

सिलिका जेलवर पैसे घालवू नका. दारांच्या फटींतून हवा येत-जात राहते आणि पुडी लवकरच भरते. हवाबंद डब्यात ती छान चालते, कपाटात नाही. कॅल्शियम क्लोराइडचे डबे ओलावा ओढतात भरपूर, पण खाली खारं पाणी साचतं. ते फळीवर सांडलं तर तिथली ओल हटत नाही आणि बिजागऱ्या गंजतात. ठेवायचेच तर खोल प्लॅस्टिकच्या ताटलीत, सर्वात खालच्या कप्प्यात, आणि अर्धे भरले की रिकामे करा. अख्ख्या खोलीची आर्द्रता उतरत नसेल तर डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) घ्या. तो कपाटापासून हातभर लांब ठेवा, कोरडा झोत थेट लाकडावर नको.